काढ्याआधी तपासणी



म्हैसूरच्या जयलक्ष्मीपुरममध्ये तुम्हा सर्वांचं स्वागत. पुण्या-सांगलीहून रात्रभर प्रवास करून आलेल्यांचं विशेष. म्हैसूर आपल्याला परकं नाही. इथल्या भर बाजारातल्या रस्त्याला बडोद्याच्या सयाजीरावांचं नाव आहे. सरकारी आयुर्वेद महाविद्यालयही १९०८पासूनचं.

आता आजच्या विषयाकडे. ‘अंगावरून पांढरं जातं’ हे बाई जावेला सांगते, दवाखान्यात नाही. डॉक्टर राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या. ९२ टक्के जणींना स्त्रीरोग निघाले, आणि आधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. १९८९मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हे छापलं. याच म्हैसुरात २००५-०६ साली तरुण स्त्रियांच्या स्रावाचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर ८६३पैकी १६५ जणींना बॅक्टेरियल व्हजायनोसिस, म्हणजे योनीतल्या जंतूंचा तोल बिघडण्याचा विकार, होता.

घरात मात्र उपाय ठरलेले: त्रिफळ्याच्या काढ्याने धुणं, तुरटीचं पाणी, लोध्र, तांदळाच्या धुवणातून पुष्यानुग चूर्ण. चरकाने चिकित्सास्थानाच्या तिसाव्या अध्यायात वीस योनिव्यापद, म्हणजे योनीचे विकार, सांगितल्या. आपण त्याचं नाव घेतो आणि विसांवर एकच काढा देतो! कडुलिंब प्रयोगशाळेच्या बशीत जंतू मारतो, हे खरं. पण योनीत आम्लता राखणारे लॅक्टोबॅसिलसही असतात, आणि आतून धुण्याची सवय असलेल्या स्त्रियांत व्हजायनोसिस जास्त आढळतो. काढा चांगला की वाईट, हा पुढचा प्रश्न. आत पिचकारी मारणंच आधी थांबवायला हवं. लसणाच्या गोळ्यांची ऑस्ट्रेलियात रीतसर चाचणी झाली, २०१४मध्ये निकाल आला: योनीतल्या कँडिडा बुरशीवर ठोस परिणाम दिसला नाही. कडुलिंब, रिठा आणि क्विनाइनची ‘प्रनीम’ गोळी पुण्यात स्त्रियांवर तपासली गेली, पण ती पहिल्या टप्प्यातली, सुरक्षिततेची चाचणी. लोध्र-पुष्यानुगासारख्या आपल्या नेहमीच्या औषधांच्या मोठ्या, तुलनात्मक चाचण्या फारच थोड्या. परंपरेचा अभिमान असेल, तर ही उणीव आपल्यालाच टोचायला हवी.

तोवर गरोदरपण, ताप, ओटीपोटात दुखणं, दुर्गंधी किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसणं, यांत घरगुती प्रयोग नकोच, आधी तपासणी.

दुपारच्या सत्रात वैद्यांनी आपापले औषधी पाठ मात्रेसकट मांडावेत, डॉक्टरांनी निदानाचे निकष सांगावेत, आणि दोघांनी मिळून किमान एका औषधाची चाचणी कशी करायची ते ठरवूनच उठावं, एवढी यजमान म्हणून माझी विनंती.