पाहुणा येवो, पण दाराची कडी कोणाच्या हाती?

(अलिबाग येथील बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



रायगड हा भाताचा जिल्हा. कापूस आणि ज्वारी पिकवणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्यांनी बैठकीसाठी अलिबाग का निवडले, असे इथल्या मित्रांनी विचारले. उत्तर सोपे आहे. याच जिल्ह्यात, उरण तालुक्यात, न्हावा-शेवा बंदर आहे. आपली रुई परदेशी जाते ती अशा बंदरांतून, आणि परदेशी रुई उतरते तीही अशाच बंदरांत. आपण आयुष्यभर जिनिंगचे फाटक पाहिले. आपला भाव ठरवणारे दुसरे फाटक समुद्राकाठी आहे, हे समजून घ्यायला आपण इथे जमलो आहोत.

2023 च्या मार्च महिन्यात ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान अँथनी अल्बानीज भारतात आले. 9 मार्चला त्यांनी अहमदाबादेत क्रिकेटचा सामना पाहिला. त्याच दिवशी ते इथून समोरच असलेल्या मुंबईत आले आणि विक्रांत या विमानवाहू नौकेवर गेले. मग दिल्लीत बोलणी झाली. दोन देशांची मैत्री घट्ट झाली, असे जाहीर झाले. आम्ही म्हणतो, होऊ द्या. पाहुण्याशी शेतकऱ्याचे वैर नाही. पण आपण फोटो पाहतो आणि फोटोमागचा कागद वाचायचा राहून जातो.

तो कागद म्हणजे 2 एप्रिल 2022 रोजी सही झालेला आणि 29 डिसेंबर 2022 पासून अमलात आलेला व्यापार करार. त्याने आपल्या देशातले कापड आणि तयार कपडे ऑस्ट्रेलियात बिनजकातीचे जाऊ लागले. बदल्यात त्यांची 51,000 टन रुई दरवर्षी आपल्याकडे बिनजकात येऊ शकते. आयात कापसावर तेव्हा 11 टक्के शुल्क होते. दूध, गहू, तांदूळ, साखर या सवलतीबाहेर ठेवली, कापूस मात्र आत घेतला. म्हणजे कापडवाल्याला जातानाही सवलत आणि येतानाही सवलत. कापूसवाल्याला विचारले कोणी?

आता घाबरवणारे पुष्कळ भेटतील. म्हणून हिशेब नीट करू. 51,000 टन म्हणजे 170 किलोच्या 3 लाख गाठी. आपल्या देशात वर्षाला 300 लाख गाठींच्या आसपास कापूस होतो. म्हणजे शंभरात एक गाठ. तेवढ्याने भाव कोसळत नाही. परदेशी कापसाची भीती घालून जो तुमच्याकडून मते मागतो, त्याला हा हिशेब विचारा.

खरे दुखणे वेगळे आहे. दाराची कडी सरकारच्या हाती आहे आणि ती नेहमी एकाच बाजूने उघडते. 2012 साली 5 मार्चला एका आदेशाने कापसाची निर्यात बंद झाली. आरडाओरड झाली तेव्हा आठवड्याभरात बंदी सैल करावी लागली. 2022 साली कापूस क्विंटलला 10 हजारांच्या वर गेला. लगेच 14 एप्रिलपासून आयात शुल्क माफ झाले, ते थेट ऑक्टोबरअखेरपर्यंत. 2025 साली भाव चढेही नव्हते. अमेरिकेने आपल्या मालावर जबर कर बसवला, गिरण्या अडचणीत आल्या, आणि 19 ऑगस्टपासून 31 डिसेंबरपर्यंत शुल्क पुन्हा शून्य झाले. हीच आपली वेचणीची वेळ. लांब धाग्याच्या कापसाचा तेव्हाचा हमीभाव 8,110 रुपये, आणि बाजारात बोली त्याच्या खाली होती. भांडण दोन देशांचे, आणि काटा मारला गेला आपल्या कापसाला.

ज्वारीचेही तेच. 2023 हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष होते. परदेशी पाहुण्यांच्या ताटात भरडधान्ये मिरवली. कौतुक झाले. पण कौतुकाने पेरा वाढत नाही, भावाने वाढतो.

आमच्या घरातली चूकही सांगायला हवी. आम्ही कृषी पदवीधरांनी तुम्हाला वर्षानुवर्षे उत्पादन वाढवा एवढेच सांगितले. ऑस्ट्रेलियाचा हेक्टरी उतारा आपल्या सुमारे चौपट. त्यांचा बराचसा कापूस ओलिताचा आणि बियाणे नव्या तंत्राचे. आपल्याकडे कापसात नवे जनुकीय तंत्र मंजूर होऊन बरीच वर्षे झाली. हात बांधून शर्यतीत उतरवायचे आणि हरला म्हणून हिणवायचे, असा हा प्रकार. तरी एक गोष्ट आपल्या हाती आहे. गिरण्या परदेशी रुई घेतात ती स्वच्छ असते म्हणूनही. पहिल्या-दुसऱ्या वेचणीचा कापूस वेगळा ठेवा. पाचोळा, केस, प्लॅस्टिकच्या गोणीचे धागे त्यात जाऊ देऊ नका. मग व्यापाऱ्याला प्रतीचा भाव मागताना आपली मान ताठ राहील.

या बैठकीपुढे आम्ही तीन मागण्या ठेवतो. एक, कापसाचे आयात शुल्क पेरणीपूर्वी जाहीर करा आणि हंगाम संपेपर्यंत त्याला हात लावू नका. दोन, निर्यातबंदी कायमची सोडा. स्वस्त विकायला बाजार मोकळा आणि महाग विकायला बंद, हे चालणार नाही. तीन, कोणत्याही करारात शेतीमालाची सवलत लिहिण्याआधी त्याचा मसुदा मराठीत गावोगाव द्या आणि पिकवणाऱ्याचे म्हणणे ऐका.

इथून जवळच चरी गाव आहे. 1933 साली तिथल्या कुळांनी खोतांची जमीन कसायचे थांबवले. नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली तो संप 1939 पर्यंत चालला. सहा वर्षे त्यांनी कळ सोसली, कारण पिकाची वाटणी आपल्याला न विचारता ठरते, हे त्यांना मान्य नव्हते. आपलेही मागणे त्याहून वेगळे नाही. पाहुणे येऊ देत, सह्या होऊ देत. पण ज्या मालावर सही होते तो पिकवणारा त्या खोलीबाहेर उभा राहणार नाही, एवढा निश्चय करून इथून उठू या.