हिरवा दिवा चालू, तरी यूपीएसनं मान टाकली

मागच्या पावसाळ्यात आमच्या घरी एक प्रकार झाला. बाबा घरी बसून दोन-तीन दुकानदारांचे हिशेब लिहितात. संध्याकाळी लाईट गेली, यूपीएसनं एकदाच 'पीं' केलं आणि कॉम्प्युटर धाडकन बंद. लाईट आल्यावर हिशेबाची फाईल उघडेचना. आख्खा रविवार तीच बिलं पुन्हा भरण्यात गेला. आणि गंमत बघा, यूपीएसवरचा हिरवा दिवा रोज झकास चालू असायचा!

साध्या यूपीएसमध्ये तो दिवा इतकंच सांगतो की भिंतीतून वीज येतेय. बॅटरीत दम किती उरलाय, ते त्याच्या गावीही नसतं.

आधी दोन सोप्या शंका मिटवा. रात्री झोपताना भिंतीवरचं बटण बंद करता का? मग बॅटरीला पूर्ण चार्ज व्हायला वेळच मिळत नाही. दुसरं म्हणजे लोड. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे ६०० वॅट नव्हे, साधारण ३६० वॅट. त्यावर लेझर प्रिंटर लावला असेल तर काढाच. त्यातला हीटर एकटाच सगळं खाऊन टाकतो.

आता खरी परीक्षा. कॉम्प्युटरवर करायची नाही हं, पुन्हा फाईल जाईल! रात्रभर यूपीएस चार्ज करा. सकाळी कॉम्प्युटर काढून त्या जागी जुना पिवळा १०० वॅटचा बल्ब लावा. एलईडी नको, तो वीजच खात नाही. मग भिंतीवरचं बटण बंद करा आणि मोबाईलवर वेळ लावा. बॅटरी ठणठणीत असेल तर दहा मिनिटं आरामात निघतात. आमचा बल्ब किती टिकला? अकरा सेकंद!

तरी बाबांचा विश्वास बसेना. मग ओळखीच्या रिपेअरवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी मीटर लावला, तर बॅटरी १२.४ व्होल्ट. बाबा म्हणाले, ''बघ, बारा व्होल्टची बॅटरी, बाराच्या वर दाखवतेय!'' काकांनी बल्ब पेटवला आणि आकडा घसरून थेट ९ च्या खाली. म्हाताऱ्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. बसल्या जागी ती धडधाकट वाटते, ओझं दिलं की कोसळते. म्हणून लोड न देता घेतलेल्या रीडिंगवर जाऊ नका.

आमची बॅटरी पाच वर्षांची होती. टेबलाखाली, भिंतीला चिकटून, गरम हवेत. तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा बॅटरीचं आयुष्य जवळपास निम्मं होतं, असा ढोबळ हिशेब आहे. बहुतेक छोट्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी असते. नवीन घेताना जुनीवरचे आकडे आणि टोकांची रुंदी जुळवून घ्या. आख्खा यूपीएस बदलायची गरज नसते. मी मात्र ऑनलाईन कार्टमध्ये टाकूनही बसलो होतो!

बॅटरीसाठी वेगळं झाकण असेल तरच घरी बदला. प्लग काढून, लाल वायर प्लसला, काळी मायनसला. आख्खं खोकं उघडावं लागत असेल तर हात घालू नका, आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही वीज राहू शकते. बॅटरी फुगलेली दिसली तर यूपीएस वापरणं तिथंच थांबवा. जुनी बॅटरी कचऱ्यात नको, दुकानदाराला परत द्या. आत शिसं असतं.

आणि समजा, नवी बॅटरी टाकली, बल्बही छान चालला, तरी लाईट जाताच कॉम्प्युटर रीस्टार्ट होतोय? मग पॉवर सप्लायवर 'अॅक्टिव्ह पीएफसी' लिहिलंय का बघा. स्वस्त यूपीएसची चौकोनी लहर अशा काही सप्लायना झेपत नाही. तिथं शुद्ध साइन वेव्हवालाच लागतो.

बाबांनी आता बॅटरीवर मार्करनं तारीख लिहिलीय. दर तीन महिन्यांनी स्वतःच बल्ब घेऊन बसतात. परवा सव्वीस मिनिटं निघाली, तर मला ऑफिसात फोन करून सांगितलं! चला, भेटू पुढच्या भागात.