गोदेच्या वाळवंटातली खाण

मराठीत वाळवंट म्हणजे केवळ राजस्थानचे रण नव्हे. नदीकाठची वाळू, हाही त्याचा अर्थ आहे आणि पैठणकरांना तो वेगळा सांगावा लागत नाही. भर दुपारी गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात रडत असलेले, अस्पृश्य मानल्या गेलेल्या घरातले मूल एकनाथ महाराजांनी उचलून कडेवर घेतले, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. ती वाळू आता ब्रासवर मोजली जाते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट.

खाणीचे गाव म्हटले की कोळसा किंवा सोने आठवते. अमेरिकेतल्या सोन्याच्या गावांमधले पिस्तूलवाले तर सिनेमाने घरोघरी पोचवले. आपल्या गोदाकाठीही खाणच चालते, फक्त ती उघड्या पात्रात आहे आणि तिची पाळी रात्रीची. कायद्यात वाळूला ‘गौण खनिज’ म्हणतात. (गौण कुणासाठी, कोण जाणे!)

अंधार पडला की ट्रॅक्टर पात्रात उतरतात. पाणी असेल तिथे केणीने वाळू ओढतात. मोठा माल हायवातून शहराकडे जातो. फाट्यावर मोटारसायकल लावून बसलेली पोरे तहसीलदारांची गाडी निघाली की मोबाइलवर ‘लोकेशन’ देतात. शेतीच्या नावावर घेतलेल्या ट्रॅक्टरचे हप्ते शेतीतून फिटत नाहीत, ते असे फिटतात. अडवायला जाणाऱ्या तलाठ्याच्या आणि कोतवालाच्या हाती मात्र काठीही नसते. त्यांच्या अंगावर वाहन घातल्याच्या बातम्या मराठवाड्यातून अनेकदा आल्या आहेत.

कायदे कमी नाहीत. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ४८ प्रमाणे बाजारभावाच्या ५ पटींपर्यंत दंड होतो, वाहन जप्त होते. हा चोरीचाही गुन्हा धरता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले. २०१५ मध्ये वाळूतस्कर स्थानबद्धतेच्या कायद्यात आले. २०२३ मध्ये सरकारने स्वतःच ६०० रुपये ब्रासने वाळू विकायला काढली. २०२५ मध्ये धोरण बदलून पुन्हा लिलाव आले. पण स्लॅब टाकताना वाळू कुठून आली, हे आपण ठेकेदाराला विचारतो का?

नदीचे गणित वेगळे आहे. पुराचे पाणी वाळूच्या थरात मुरते आणि काठच्या विहिरींना उन्हाळाभर पुरते. थर गेला की विहीर आटते. त्यात १९७६ पासून जायकवाडीची भिंत वरून येणारा गाळ आणि वाळू नाथसागरातच अडवते. धरणाखालचे पात्र एकदा खरवडले की ते भरून निघायला पूर्वीसारखा पुरवठा नाही. राहतात ते खड्डे. पावसाळ्यात पाण्याखाली ते दिसत नाहीत, आणि पोहायला उतरलेल्या पोराला तळ लागत नाही.

विहीर आटलेल्या शेतकऱ्याला रात्रीचा ट्रॅक्टर ऐकू येतो. कुणाचा आहे, तेही आवाजावरून कळते. पण तक्रार द्यायची कशी? ट्रॅक्टर भावकीतलाच असतो, आणि लोकेशन देणारा पोरगा शेजारच्या घरातला.