मिरजेत आपले स्वागत



सतारी-तानपुऱ्यांचे हे मिरज 1894 पासून रुग्णसेवेचेही गाव आहे. त्या वर्षी डॉ. विल्यम वानलेस यांनी इथे मिशन रुग्णालय सुरू केले.

नेत्रतज्ज्ञांच्या या परिषदेला यंदा फिजिशियन आणि जनरल प्रॅक्टिशनर मंडळींना आग्रहाने बोलावले, त्याला कारण आहे. एका डोळ्याची नजर क्षणात गेली, दुखत-खुपत काही नाही, डोळा लालही नाही, असा रुग्ण आपण पाहिला आहे. दुखत नाही म्हणून तो रात्र काढतो, सकाळी चष्म्याच्या दुकानात जातो आणि आमच्यापर्यंत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोहोचतो. तोवर दृष्टिपटल फिकट पडून मधोमध लाल ठिपका दिसू लागलेला असतो. रक्ताविना दृष्टिपटल काही तासांपलीकडे तग धरत नाही.

मूळ दुखणे मात्र बहुधा डोळ्यात नसतेच. दृष्टिपटलाची धमनी मेंदूला रक्त नेणाऱ्या मानेतल्या धमनीतूनच फुटत आलेली आहे. मानेतल्या धमनीत साठलेल्या चरबीचा कण किंवा हृदयातली गुठळी आज डोळ्यात अडकली, तर पुढची मेंदूत जाऊ शकते, आणि पक्षाघाताचा हा धोका पहिल्या काही आठवड्यांत सर्वाधिक असतो. हृदयातून आलेल्या गुठळीने गेलेल्या नजरेचे वर्णन आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यांनी 1859 मध्येच केले होते. तरीही असा रुग्ण आजही थेंब देऊन घरी पाठवला जातो, याचे मला फार वाईट वाटते.

पन्नाशी ओलांडलेल्या रुग्णाला कानशिलात दुखते का, चावताना जबडा भरून येतो का, हेही विचारा. तसे असेल तर धमनीचा दाह समजून स्टेरॉइड लगेच सुरू करावे लागते. बायोप्सीची वाट पाहत बसलो, तर दुसरा डोळाही हातचा जाऊ शकतो. आपल्याकडे हा आजार कमी आढळतो, म्हणून तो ध्यानातच येत नाही.

दुपारच्या सत्रात एक काम पुरे करूया. आपल्या तालुक्यातला, अचानक नजर गेलेला रुग्ण रात्री दोन वाजता आला, तर त्याला कुठे पाठवायचे? सीटी स्कॅन आणि पक्षाघाताचे उपचार रात्रीही मिळतात असे जवळचे रुग्णालय आणि तिथला फोन नंबर प्रत्येकाने लिहून द्यावा. त्यासाठीचे कागद नोंदणीच्या टेबलावर ठेवले आहेत. तालुकावार यादी छापून संध्याकाळी आपल्या हाती देण्याची जबाबदारी स्वागत समितीची.