शर्यतीच्या क्वाडची जुळणी

नाशिकहून त्र्यंबकेश्वरास जाणारा रस्ता प्रथम सातपूरच्या कारखान्यांजवळून जातो, आणि मग अंजनेरीच्या पायथ्याशीं येऊन ब्रह्मगिरीच्या दिशेनें वळतो. एका टोकास लेथवर पोलादाचा दांडा हवा तसा कातून देणारे कारागीर, दुसऱ्या टोकास मुरमाड माळ, भातखाचरें आणि त्यांचे बांध. या रस्त्यावर वाढलेल्या तरुणांना मातींतल्या मोटारशर्यतीचें वेड लागलें तर त्यांत नवल नाहीं. अशाच एका वाहनाविषयीं मी आज बोलणार आहें. त्याला स्पोर्ट क्वाड म्हणतात. हँडल आणि बैठक मोटारसायकलीची, पण खालीं चार फुगीर चाकें. सहलीच्या ठिकाणीं भाड्यानें फिरवावयास मिळते ती क्वाड हिचीच थोरली बहीण. पण ती जड, सावकाश चालणारी. ही मात्र मोटोक्रॉससाठीं, म्हणजे मुद्दाम रचलेल्या उंचवट्यांच्या व वळणांच्या बंद मार्गावरील शर्यतीसाठीं घडविलेली.

हिचा पूर्वज तीन चाकांचा होता. 1970 सालीं होंडा कंपनीनें तशी गाडी अमेरिकेंत विक्रीस आणली. ती लोकप्रिय झाली, आणि उलटण्यासाठीं कुप्रसिद्धही झाली. इतकी कीं 1988 सालीं सरकार व उत्पादक यांच्यांत न्यायालयामार्फत तडजोड होऊन तिकडे तीनचाकींची नवी विक्री थांबली. तोंवर चारचाकी पुढें आलीच होती. सुझुकीची क्वाडरेसर 1985 सालची. यामाहाची 450 घनसेंटिमीटर वर्गांतील वायएफझेड 2004 सालची. डकारच्या प्रसिद्ध वाळवंटी शर्यतींत क्वाडला 2009 पासून 2024 पर्यंत स्वतंत्र वर्ग होता. आपल्याकडे 2024 च्या जानेवारींत पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलांत सुपरक्रॉसची लीग सुरू झाली, ती दोन चाकांची. तेव्हां क्वाडची जुळणी शिकावयाची ती परदेशांतील शर्यतवाल्यांच्या अनुभवावरूनच. मात्र तोलाचे नियम ब्रह्मगिरीच्या पायथ्याशींही तेच आहेत.

तरुण मंडळींचा पहिला खर्च बहुधा मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरवर होतो. माझ्या मतें हा क्रमच उलटा आहे. इंजिनाची शक्ति या गाडींत मुळांतच पुरेशी असते. अपुरा असतो तो तोल. क्वाडच्या गंभीर अपघातांत गाडी उलटून स्वाराच्या अंगावर पडणें हा प्रकार नेहमींचा आहे, आणि गाडीचें वजन दीडशें किलोच्या पुढें असतें, हें ध्यानांत घ्यावें.

तोलाचा हिशेब शाळकरी मुलालाही करतां येईल. समजा, दोन चाकांच्या मध्यांमधील अंतर 40 इंच आहे, आणि स्वारासह गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून 24 इंचांवर आहे. अर्धी रुंदी 20. तिला 24 नें भागिलें म्हणजे 0.83 येतात. याचा अर्थ असा कीं, वळणावर बाजूस ढकलणारें बळ वजनाच्या शेंकडा 83 झालें कीं आंतलीं चाकें उचललीं जाऊं लागतात. आतां रुंदी 4 इंचांनीं वाढवा. हाच आंकडा 92 वर जातो. रुंदी तशीच ठेवून गाडी 2 इंच खालीं बसवा, 91 येतो. खालीं उतरविलेला एक इंच हा रुंदींत वाढविलेल्या जवळजवळ दोन इंचांच्या तोडीचा आहे. म्हणून मोटोक्रॉसची क्वाड रुंदही असते आणि बसकीही असते. अमेरिकेंत अशा गाडीची बाहेरून बाहेर एकूण रुंदी सुमारें 50 इंचांपर्यंत नेतात. पूर्वीच्या पुष्कळ गाड्या कारखान्यांतून 46 इंचांच्या आसपास येत. पुढें लांब भुजा व मागें लांब आस घालून त्या रुंद करीत. चाकेंही लहान करतात: पुढें 20 इंच व्यासाचीं, मागें 18.

येथें एक इशारा देणें जरूर आहे. लांब भुजा महाग पडते, म्हणून जुनीच कापून मध्यें तुकडा जोडण्याचा मोह होतो. आपले वेल्डिंगवाले हुशार आहेत. परंतु उडीनंतर जमिनीवर आपटतांना सारा धक्का नेमका त्या जोडावर येतो, आणि जोड सुटला कीं चाक सुटलें. दोन पैसे वांचविण्याची ही जागा नव्हे.

दुसरी गोष्ट मागच्या आसाची. आपल्या बैलगाडीचीं दोन्ही चाकें आसावर स्वतंत्रपणें फिरतात. म्हणून वळतांना बाहेरचें चाक अधिक चालतें, आंतलें कमी, आणि गाडी सहज वळते. स्पोर्ट क्वाडच्या मागच्या आसाला दोन्ही चाकें पक्कीं जखडलेलीं असतात. मोटारींत असते तशी चाकांना वेगवेगळें फिरूं देणारी योजनाच तेथें नाहीं. वळावयाचें तर एका चाकानें घसरलेंच पाहिजे. यासाठीं स्वार वळणाच्या आंतल्या बाजूस अंग झोंकतो. त्याचें वजन हाच तोलाचा चल भाग. नवशिका नेमका ताठ बसून राहतो किंवा बाहेर कलतो.

यानंतर स्प्रिंगा. कारखाना आपल्या अंदाजानें एक वजन धरून चालतो. तुमच्या मुलाचें वजन त्याला ठाऊक नसतें. स्वारानें शिरस्त्राण, बूट यांसह सर्व सामान अंगावर घालून गाडीवर बसावें, आणि दुसऱ्यानें सांगाड्यापासून जमिनीपर्यंतचें अंतर मोजावें. चाकें हवेंत असतांनाच्या मापाशीं तें ताडून पाहिलें म्हणजे गाडी किती दबली तें कळतें. एकूण चालीच्या पाव ते एक तृतीयांश इतकी ती दबावी, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. शॉक-अॅब्सॉर्बरवर दोन समायोजनें असतात, एक दबण्याच्या वेगाचें आणि एक परतण्याच्या. परतणें फार मंद ठेवलें तर लागोपाठच्या उंचवट्यांवर स्प्रिंग वर येण्यापूर्वींच पुढचा धक्का येतो आणि गाडी दबत दबत तळ गाठते. फार जलद ठेवलें तर मागचा भाग लाथ मारल्यासारखा उसळतो. एका वेळीं एकच बदल करावा, दोनतीन फेऱ्या माराव्या आणि काय झालें तें वहींत टिपून ठेवावें. ही वही नसेल तर महागांतले शॉक-अॅब्सॉर्बर घेऊनही उपयोग नाहीं.

पुढचीं चाकें किंचित् आंत पाहणारीं असावीं. टायरांमधील अंतर मागल्यापेक्षां पुढें पाव इंचाच्या आंतबाहेर कमी भरावें. हें सुतळीनें मोजतां येतें, पण स्वार बसलेला असतांनाच. टायरांतली हवा ऐकून मोटारवाले चकित होतात: मोटारीला तीस पौंडांच्या घरांत लागते, क्वाडला चार ते आठ. म्हणून हिला कमी दाबाचा वेगळा मापक हवा. पेट्रोलपंपावरच्या मापकानें काम भागत नाहीं.

आतां त्र्यंबकची जमीन. उन्हाळ्यांत मुरूम भाजून कठीण होतो, वर भुरभुरीत थर राहतो आणि चाक निसटतें. पावसाळ्यांत तेथें पाऊस असा कोसळतो कीं खांचरांत चाक नुसतें जागींच गरगरतें. सर्वांत फसवा असतो तो बांध. शर्यतीच्या मार्गावरील उंचवटा रुंदीभर सारखा रचलेला असतो. दोन्ही पुढचीं चाकें एकदमच चढतात. शेताच्या बांधाला गाडी बहुधा तिरकी भिडते, एक चाक आधीं उचललें जातें, आणि वर केलेला सगळा हिशेब त्या क्षणीं कोलमडतो. शिवाय तो बांध दुसऱ्याच्या कष्टांचा असतो. अंजनेरीच्या पठाराचें तर नांवच काढूं नये: अंजनेरीवरूनच नांव पडलेली कंदीलपुष्पाची दुर्मिळ जात तेथें उगवते, आणि असल्या चाकाखालीं तो पातळ मातीचा थर एका पावसाळ्यांत वाहून जाईल. सराव करावयाचा तो मालकाच्या संमतीनें घेतलेल्या पडीक जागेंत, मार्ग आंखून. ही गाडी सार्वजनिक रस्त्यासाठीं बनविलेलीच नसते. तेथवर ती टेंपोंतून न्यावी.

राहिल्या दोन स्वस्त वस्तू. एक, दोन्ही बाजूंस पुढल्या व मागल्या चाकांमध्यें बसविण्याचे नळीचे आडणे, जाळीसह. त्यांमुळें पाय घसरून मागच्या चाकाखालीं जात नाहीं आणि शेजारच्या गाडीचें चाक आपल्या चाकांत अडकत नाहीं. दुसरी, मनगटास बांधावयाची दोरी, जिचें दुसरें टोक इंजिन बंद करणाऱ्या बटणाला जोडलेलें असतें. स्वार पडला कीं इंजिन थांबतें. अमेरिकेंत क्वाडच्या शर्यतींत या दोहोंवांचून उतरूं देत नाहींत. तेथील दंडक असाही आहे कीं, सोळा वर्षांखालील मुलाच्या हातीं प्रौढांची क्वाड देऊं नये. आणि एकट्या स्वारासाठीं बनविलेल्या गाडीवर मागें कोणालाही बसवूं नये, धाकट्या भावालाही नाहीं. गाडी घेण्याचें घरांत ठरत असेल तर यादी या दोन वस्तूंपासून सुरू करावी. सायलेन्सर शेवटीं लिहावा, आणि पैसे उरले तर घ्यावा.