आकाशात ओ देणारे यंत्र



ग्लायडर म्हणजे इंजिनाविना उडणारे विमान. तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेत ते घारीसारखे घिरट्या घालीत उंची मिळविते. आपल्या इस्राएलात मगिद्दोच्या धावपट्टीवर ही विमाने पाहावयास मिळतात. माझा नातू तेथे शिकावयास जाऊ लागला, म्हणून मी या विषयात शिरले.

28 ऑगस्ट 2006 रोजी अमेरिकेच्या नेवाडा राज्यात, सुमारे 16,000 फुटांवर, रीनोकडे उतरू लागलेले एक हॉकर जेट ग्लायडरवर आदळले. ग्लायडरच्या पंखाने जेटचे नाक फोडले. उपकरणांचा फलक मुख्य वैमानिकेच्या अंगावर सरकला. ग्लायडरच्या वैमानिकाने हवाई छत्रीने उडी घेतली. जेट चाके न उघडताच पोटावर कार्सन सिटीला उतरले. सर्वजण वाचले, हे नवलच.

त्या ग्लायडरात ट्रान्सपॉन्डर बसविलेला होता, पण बंद! जवळपासच उडावयाचे आहे, बॅटरी रेडिओसाठी राखावी, असा वैमानिकाचा विचार. त्याला बेफिकीर म्हणवत नाही. इंजिन नाही म्हणून जनित्र नाही. सारी भिस्त बॅटरीवर.

ट्रान्सपॉन्डर म्हणजे हाकेला ओ देणारे यंत्र. जमिनीवरील रडार किंवा मोठ्या विमानातील टक्कररोधक यंत्रणा 1030 मेगाहर्ट्झवर हाक घालते. ट्रान्सपॉन्डर 1090 वर उत्तर देतो, उंचीही कळवितो. ओ आली नाही, तर त्या यंत्रणेच्या लेखी समोर कोणी नाहीच. कण्हणाऱ्या रुग्णापेक्षा गप्प पडलेल्या रुग्णाकडे आम्ही परिचारिका आधी धावतो. यंत्राला ती जाण नसते. आणि पांढरे, सडपातळ ग्लायडर समोरून डोळ्यांनाही चटकन दिसत नाही.

अमेरिकी नियमांनी ग्लायडरांना या यंत्रातून सवलत दिली होती. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने 2008 मध्ये ती काढून टाकण्याची शिफारस केली. खर्च, वजन, वीज ही ग्लायडरवाल्यांची कारणे खोटी नाहीत. पुष्कळांजवळ फ्लार्म हे कमी विजेवर चालणारे स्विस यंत्र असते. ग्लायडरांना एकमेकांपासून सावध करण्यास ते उत्तम. परंतु जेटमधील टक्कररोधक यंत्रणेला त्याची भाषा समजत नाही. म्हणून जेटच्या वाटेजवळ उडणाऱ्याने ट्रान्सपॉन्डर बाळगावा, चालू ठेवावा आणि जादा बॅटरीचे ओझे सोसावे, असे माझे स्पष्ट मत आहे. अमेरिकेत ग्लायडरांसाठी आता 1202 हा वेगळा संकेतांक आहे. तो पडद्यावर उमटताच नियंत्रकाला कळते की हे विमान सरळ रेषेत जाणार नाही, घिरट्या घेईल.