हॉटेलात बाई जेवायला बसते तेव्हा

(शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या महिला गटांच्या एकत्र शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्यातली वाक्यं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)



शिबिराच्या पत्रकावर हा विषय वाचून काही जणींनी मला विचारलं, ‘ताई, पाणी, रेशन, दारू, मारहाण एवढं सगळं पडलेलं असताना हे हॉटेलाचं काय काढलंत?’ प्रश्न रास्त आहे. मी मारहाणीपासूनच सुरुवात करते, कारण या विषयाकडे मी तिथूनच आले.

एम.एस.डब्ल्यू. झाल्यावर मी एका सल्ला केंद्रात काम करायला लागले. तिथल्या नोंदवहीत ‘तक्रारीचं तात्कालिक कारण’ असा एक रकाना होता. त्यात दारू असायची, संशय असायचा, माहेरचे पैसे असायचे, आणि पुन्हा पुन्हा एक शब्द यायचा: जेवण. कालवणात मीठ कमी. भाकरी करपली. ताट वाढायला उशीर. पाहुण्यांसमोर भाजी पुरली नाही. सुरुवातीला मला वाटायचं, ही वरवरची कारणं, खरं काहीतरी आत असणार. आत असतंच. पण हे कारण इतकं सर्रास आहे की राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही ते छापलेलं आहे. नवऱ्यानं बायकोला मारणं कोणकोणत्या कारणांसाठी योग्य वाटतं, असं त्या पाहणीत विचारतात. त्या यादीत ‘स्वयंपाक नीट केला नाही’ हे एक कारण असतं. आणि ते योग्य आहे असं म्हणणाऱ्यांमध्ये बायकाही असतात.

आता हाच माणूस हॉटेलात बसलेला आठवून बघा. रश्श्यात मीठ नाही. तो काय करतो? वेटरला हाक मारतो, ‘अरे, जरा मीठ आण.’ भाकरी कडक झालीये, तर पाण्यात बुडवून खातो. अर्धा तास ताट येत नाही, तर मोबाईल बघत बसतो. जाताना बिल देतो, बडीशेप तोंडात टाकतो आणि निघतो. म्हणजे राग आवरता येत नाही हे खोटं आहे. कुठे आवरायचा आणि कुठे सोडायचा हे त्याला नीट कळतं.

हे मी एका बैठकीत बोलले तेव्हा दौंडकडची एक बाई म्हणाली, ‘ताई, पण आम्हाला तर हॉटेलातलं वाईट आहे असंसुद्धा म्हणता येत नाही.’ का? तर वर्षातून एकदा नेलंय, त्याचे पैसे गेलेत, पोरं खुशीत आहेत. ‘कसं होतं?’ विचारलं की ‘छान होतं’ म्हणायचं. एवढंच उत्तर ठरलेलं. आयुष्यभर रोज दोन वेळा जिच्या हातच्या चवीवर निकाल दिला जातो, तिला दुसऱ्याच्या हातच्या चवीवर मत देण्याची सवयच नाही. या वाक्यानं आमचा कार्यक्रम ठरला.

कार्यक्रम साधा होता. दोन्ही तालुक्यांतल्या गटांतल्या बायकांनी चार-चार, पाच-पाच जणींनी मिळून हॉटेलात जेवायचं. पैसे स्वतःचे, नवऱ्याकडून मागून आणलेले नाहीत. सोबत पुरुष नाही, लहान पोरसुद्धा नाही. ऑर्डर आपण द्यायची. आणि परत आल्यावर बैठकीत बोलायचं. फक्त ‘छान होतं’ हे उत्तर चालणार नाही.

तुम्हाला वाटेल पहिली अडचण पैशाची आली असेल. नाही. पहिली अडचण आली ती कुठे बसायचं याची. शिरूरपासून खाली शिक्रापूरपर्यंत नगर रोडला (नगरचं आता अहिल्यानगर झालं, पण रस्त्याचं नाव आपल्या तोंडी तेच आहे) आणि इकडे पाटस, चौफुला, यवत सोलापूर रोडला हॉटेलांची कमी नाही. रांजणगावला गणपतीला येणारी गर्दी, तिथली एमआयडीसी, कुरकुंभची एमआयडीसी, दौंडचं जंक्शन. खाणारी माणसं अहोरात्र आहेत. पाट्या बघा: ‘फॅमिली रेस्टॉरंट’, ‘फॅमिली गार्डन’, ‘फॅमिलीसाठी स्वतंत्र व्यवस्था’. आमच्या पाच जणी आत गेल्या तर मालकानं विचारलं, ‘फॅमिली कुठंय?’ पाच बाया समोर उभ्या, आणि फॅमिली कुठंय! एकीनं उत्तर दिलं, ‘ही काय, आम्ही.’ मग त्यांना मागच्या खोलीत नेलं. पंखा बंद, खिडकीला पडदा, टेबलावर आदल्या गिऱ्हाइकाचं उष्टं. बाहेरच्या बाजूला वारा होता, रस्ता दिसत होता, जागा रिकामी होती. ‘तिकडं बसतो’ म्हटल्यावर, ‘तिकडं जेन्ट्स असतात ताई, तुमच्याच सोयीसाठी सांगतो.’

ही ‘तुमच्याच सोयीसाठी’ची भाषा आपल्या ओळखीची आहे. काही वेळा ती खरीही असते, हे मान्य करायला हवं. जिथे परमिट रूम आणि जेवणाची जागा एकच आहे, तिथे संध्याकाळी सातनंतर बाईला आडोसा हवासा वाटतो. पण आडोसा हवा की उजेड हवा हे ठरवायचं कुणी? भारतीय संविधानाचं कलम 15 आपण जातीच्या संदर्भात नेहमी वाचतो. त्याचं दुसरं उपकलम पुन्हा काढून वाचा. दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांत प्रवेश करायला धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांपैकी कोणत्याही कारणावरून कुणालाही अडवता येणार नाही, असं तिथे म्हटलं आहे. हॉटेल हा शब्द संविधानात आहे, आणि लिंग हा शब्दही त्याच ओळीत आहे.

हॉटेल हा शब्द तिथे उगाच आलेला नाही. आमच्या गटातल्या एक वयस्कर मावशी, दलित वस्तीतल्या. बैठकीत सगळ्याजणी खोली, पंखा, पडदा यावर बोलत होत्या तेव्हा त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘माझ्या बापाला गावच्या हॉटेलात कान तुटलेली कपबशी होती. बाहेर वळचणीला अडकवलेली. पिऊन झाल्यावर आपली आपण धुवून ठेवायची. मी आत बसून चहा प्याले तो दिवस मला आठवतो. मला पडद्याचं काही वाटलं नाही.’ कोल्हापूरच्या गंगाराम कांबळेंना शाहू महाराजांनी चहाचं हॉटेल काढायला मदत केली आणि स्वतः तिथे जाऊन चहा प्यायले, ही गोष्ट आपण शाळेत ऐकतो. त्या चहाची किंमत मावशींना आपल्यापेक्षा जास्त कळते. ब्रिटिश काळात मोठ्या रेल्वे स्टेशनांवर हिंदू पाणी वेगळं आणि मुसलमान पाणी वेगळं असायचं. दौंडहून मनमाडला जाणारी लाईन 1878 साली सुरू झाली. तेव्हापासून या गावानं प्रवाशांच्या किती पंगती पाहिल्या असतील, आणि किती जणांना त्या पंगतीबाहेर ठेवलेलं पाहिलं असेल!

चौफुल्याची गोष्ट सांगायलाच हवी. तिथे संगीत बारीची कलाकेंद्रं आहेत, तुम्हाला माहीत आहे. त्या भागातल्या एका हॉटेलात आमच्या बायकांना मालक फार अदबीनं वागला. गप्पांच्या ओघात म्हणाला, ‘आमच्याकडं फॅमिली येती, म्हणून आम्ही थेटरातल्या बायांना आत घेत नाही. पार्सल देतो.’ पैसे त्यांचे चालतात, पार्सल चालतं, खुर्ची चालत नाही. आमच्या दोन-तीन जणींना हे ऐकून बरंच वाटलं होतं, हे त्यांनी नंतर बैठकीत सांगितलं. ‘चांगलं हॉटेल आहे, तसल्या बाया नसतात.’ यावर आमचा दीड तास वाद झाला आणि तो मिटला नाही. पण मला विचाराल तर फॅमिली या शब्दाचा खरा उपयोग इथे उघडा पडतो. एकीला पडद्यामागे बसवायला आणि दुसरीला दाराबाहेर ठेवायला तो एकच शब्द पुरतो.

चौफुल्याच्या शेजारी केडगाव आहे. पंडिता रमाबाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे मुक्ती सदन उभं केलं. दुष्काळातून, वैधव्यातून आलेल्या शेकडो मुली-बायका तिथे राहिल्या, शिकल्या, छापखाना चालवायला, विणायला, गुरं सांभाळायला शिकल्या. त्यांच्या धर्मांतराबद्दल महाराष्ट्रात भरपूर बोललं गेलं. मला मात्र तिथल्या जेवणाच्या पंगतीचं कुतूहल वाटतं. आधी पुरुष जेवून उठायचे आणि मग उरलंसुरलं आपण खायचं, ही रीत घेऊनच त्या आलेल्या असणार. बायकांच्याच त्या घरात गरम भात आधी कुणाला वाढत असतील?

असो. आता चवीकडे येते, कारण आमच्या बैठकीत खरी गंमत तिथेच आली. ‘छान होतं’ बंद केल्यावर बायकांची जीभ सुटली. एकीनं भाकरी मोडून दाखवल्याचं सांगितलं: ‘पिठाची विरी गेली होती, कडा चिरत होत्या. मालकाला म्हटलं, दळण कधीचं आहे?’ दुसरीनं रश्श्याचा तवंग ओळखला, तो शिजताना आलेला नव्हता, वरून ओतलेला होता. कुणी म्हणालं काळा मसाला विकतचा आहे, खोबरं नीट भाजलेलं नाही. पनीरच्या तीन भाज्या मागवल्या, तिन्हींत एकच ग्रेव्ही, रंग तेवढे वेगळे. एका ठिकाणच्या पिठल्याचं मात्र सगळ्यांनी तोंड भरून कौतुक केलं आणि फोडणीत लसूण ठेचून घातला होता की चिरून, यावर भांडल्यासुद्धा. तीस-चाळीस वर्षांचं ज्ञान आहे हे. घरी त्याला कुणी ज्ञान म्हणत नाही.

अमर्याद थाळीवाल्यांच्या पाट्याही बायकांनीच वाचून आणल्या: ‘एका थाळीत दोघांनी जेवू नये’, ‘उरलेले पार्सल मिळणार नाही’. मालकाची बाजू कळते. पण बाई हॉटेलात काय करते? पहिला चांगला घास लागला की पोराची आठवण काढते. एकीनं गुलाबजाम रुमालात बांधून पर्समध्ये टाकला आणि दारात पकडली गेली. सगळ्या हसल्या. तीही हसली, पण जरा उशिरा.

मोरीबद्दल, म्हणजे संडासाबद्दल, थोडक्यात सांगते. कडी नाही, पाणी नाही, दिवा नाही, आणि वाट परमिट रूममधून. बऱ्याच बायका पाणी न पिता जेवल्या. तिखट रस्सा आणि पाणी नाही! 2011 मध्ये मुंबईत बायकांनी ‘राईट टू पी’ची मोहीम सुरू केली तेव्हा लोक हसले होते. आपल्या हमरस्त्यांवर ती अजून पोचायची आहे.

शेवटचा भाग स्वयंपाकघराचा. ‘चुलीवरचं’, ‘घरगुती’ अशा पाट्या हल्ली सगळीकडे आहेत आणि पाटीवर नऊवारीतली, नथ घातलेली, हसणारी बाई भाकरी थापताना असते. आमच्या बायका हात धुवायच्या निमित्तानं मागे गेल्या. तिथे खरी बाई होती. पत्र्याखाली, धुरात, डोळे लाल. सकाळी नऊला येते, दुपारी दोन तास घरी जाऊन येते, रात्री अकरा वाजता सुटते. जेवण? ‘गिऱ्हाईक संपल्यावर.’ घरी कशी जाते? ‘कोणतरी गाडीवर सोडतं.’ कोण सोडतं ते तिनं सांगितलं नाही. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकानं व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती, तिच्या सुरक्षिततेची हमी आणि घरापर्यंत पोचवण्याची सोय मागितलेली आहे. पण त्यातल्या बहुतेक तरतुदी लहान आस्थापनांना लागू होत नाहीत, आणि आपले बहुतेक ढाबे लहानच. लैंगिक छळाच्या 2013 च्या कायद्याचं तसं नाही. दहापेक्षा कमी माणसं कामाला असली तरी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. भाकरीवाल्या बाईला हे कुणी सांगितलेलं नसतं. मुंबईत 1975 साली प्रेमा पुरव यांनी गिरणी कामगारांचे डबे करणाऱ्या खानावळवाल्या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. रांजणगाव आणि कुरकुंभच्या आसपास पोरांच्या मेस चालवणाऱ्या आणि ढाब्यावर भाकरी थापणाऱ्या बायकांची अशी एक बैठक आपण घेऊ शकत नाही का? दोन्ही तालुक्यांतून नावं द्या, जागा मी बघते.

त्या बाईला आमच्यातल्या एकीनं विचारलं, ‘भाकरीचं पीठ जुनं आहे का गं?’ ती म्हणाली, ‘मला माहितीये. मी चार दिवस सांगतेय मालकाला. माझं कोण ऐकतंय? तुम्ही गिऱ्हाईक आहात, तुम्ही सांगा.’ त्यांनी जाऊन सांगितलं. पुढच्या फेरीला गेल्या तेव्हा पीठ ताजं होतं.

पुढची फेरी दिवाळीनंतरची आहे. दौंडच्या गटानं न्हावऱ्यामार्गे शिरूरला यायचं आणि शिरूरच्या गटानं सोलापूर रोडला जायचं, म्हणजे ओळखीचा मालक भेटणार नाही. वर्गणी दरडोई, गटाच्या बचतीतून नाही. चौफुल्याला ज्यांना त्या हॉटेलात परत जायचं आहे त्यांनी थांबा. कलाकेंद्रातल्या दोघी आपल्यासोबत जेवायला यायला तयार आहेत. त्यांच्यासोबत बाहेरच्या टेबलावर कोण कोण बसणार, तेवढी नावं मला आज हवी आहेत.